खर्चाचं चीज झालं का, हे कसं मोजायचं: कोकणातल्या शाळा, कारखाने आणि ग्रामपंचायतींसाठी

दर एप्रिलला टँकर, दर मे महिन्यात शाळेच्या कौलांची शाकारणी, दर हंगामाला नवे कामगार आणि त्यांचं नवं प्रशिक्षण. कोकणात गावाचा आणि छोट्या उद्योगांचा बराच पैसा अशा परत परत येणाऱ्या कामांवर जातो. म्हणूनच त्यांचा हिशोब एकदा नीट बसवला की तो वर्षानुवर्षं उपयोगी पडतो.

ऑडिटमध्ये पैसे नियमाप्रमाणे खर्च झाले का, एवढंच पाहिलं जातं. इथे मांडलेला हिशोब पुढचं विचारतो: मिळालेला परिणाम नगामागे केवढ्याला पडला, आणि तेवढ्याच पैशांत दुसऱ्या वाटेने जास्त मिळालं असतं का? गुणाकार-भागाकार येणारा कोणीही हे करू शकतो. एक वही, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर आणि दोन-तीन संध्याकाळी पुरतात. खाली रुपयांचे जे आकडे आहेत ते पद्धत समजावी म्हणून घेतलेले आहेत. तुमच्या तालुक्यातले दर घालून गणित पुन्हा करा.

परिणामाचं एकक आधी, योजना नंतर

सगळ्यात जास्त हिशोब इथेच बिघडतात. "किती टॅब वाटले", "किती जणांना प्रशिक्षण दिलं", "किती मीटर पाइप टाकला" ही झालेल्या कामाची मोजणी आहे. परिणाम म्हणजे त्या कामामुळे माणसाच्या आयुष्यात काय बदललं ते. शाळेत ते एकक "परिच्छेद वाचू लागलेलं मूल" असू शकतं, पाण्यात "विहिरीला पाणी असलेला जास्तीचा एक दिवस", काजू कारखान्यात "तुकड्याऐवजी अख्खा निघालेला एक किलो गर", कार्यालयात "तालुक्याला न जाता हातात पडलेला दाखला".

एकक एकच घ्या आणि ते असं घ्या की दोन वेगळ्या माणसांनी मोजलं तरी आकडा सारखा यावा. "मुलांची गोडी वाढली" हे कितीही खरं असलं तरी मोजता येत नाही. वाचनासाठी तयार मोजपट्टी आहे. मुलांना वाचता येतं का हे तपासणाऱ्या, २००५ पासून निघणाऱ्या असर पाहणीत अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा पायऱ्या वापरतात. एका मुलाला पाचेक मिनिटं लागतात. चाचणी तोंडी असल्याने लिहिता न येणाऱ्या मुलाचीही पातळी कळते.

खर्च सगळा धरा, कोणाच्याही खिशातला असो

कामात जे जे वापरलं जातं त्याची यादी करा: माणसं, जागा, सामान, प्रवास, देखरेख. पावती आहे की नाही हे यादी करताना पाहू नका. पैसे कोणी दिले हा रकाना वेगळा ठेवा: जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, कारखाना, पालक, देणगीदार.

बहुतेक वेळा सुटतात त्या चार गोष्टी. पहिली, शिक्षकाचा किंवा ग्रामसेवकाचा वेळ. मासिक पगाराला कामाच्या तासांनी भागा. ६०,००० रुपये पगार आणि १५० तास असतील तर तासाला ४०० रुपये. दुसरी, श्रमदान. त्यात रोख पैसे जात नाहीत, पण माणसाचा दिवस जातो. तो स्थानिक मजुरीने धरा, आणि महिना बघून धरा. लावणीच्या दिवसांत माणूस मिळत नाही, तेव्हा त्याच माणसाच्या दिवसाची किंमत जानेवारीपेक्षा बरीच जास्त असते. तिसरी, दान आलेल्या वस्तू. मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाने संगणक दिले म्हणून ते फुकट होत नाहीत. पुढे ते दुरुस्त करायला आणि बदलायला कोणाला तरी पैसे घालावेच लागतात. चौथी, देखरेख आणि चाचणीचा खर्च. एका शाळेत चांगली चाललेली योजना दहा शाळांत नेली की ढेपाळते, कारण पहिल्या शाळेतली कोणाची तरी रोजची फेरी हिशोबात लिहिलेलीच नसते.

जो खर्च तुम्ही योजना केली किंवा न केली तरी होणारच आहे, तो मात्र धरू नका. शाळेची इमारत आधीपासून आहे आणि संध्याकाळी रिकामी असते, तर संध्याकाळच्या वर्गासाठी तिचं भाडं लावणं चूक आहे. वीज आणि झाडलोट धरा.

टिकाऊ वस्तूचा वार्षिक भार

४५,००० रुपयांचा स्मार्ट टीव्ही चार वर्षं टिकला तर वर्षाचा खर्च ११,२५० असं सरळ भागून काढतात. त्यात अडकलेल्या पैशाचं व्याज राहून जातं. बँकेच्या ठेवीइतका, समजा ७ टक्के दर धरला, तर किंमतीला या गुणकांनी भागा: ३ वर्षांसाठी २.६२, ४ साठी ३.३९, ५ साठी ४.१०, १० साठी ७.०२, २० वर्षांसाठी १०.५९. म्हणजे टीव्हीचा वर्षाचा भार सुमारे १३,३०० रुपये. एक्सेलमध्ये पीएमटी (PMT) हे सूत्र हेच उत्तर देतं.

आयुष्य किती धरायचं, हा किनारपट्टीवर खरा कळीचा प्रश्न आहे. कंपनीच्या माहितीपत्रकातलं आयुष्य कोरड्या हवेतलं असतं. समुद्राजवळच्या गावात खाऱ्या वाऱ्याने लोखंडी पत्रे, नट-बोल्ट आणि पंपाच्या पेट्या लवकर गंजतात. पावसाळ्यात बंद खोलीत ठेवलेल्या संगणकाला बुरशी धरते. जूनच्या विजांनी एखादा बोर्ड जळतो. टीव्हीचं आयुष्य चाराऐवजी तीन वर्षं धरलं की वार्षिक भार १७,१०० च्या वर जातो. गावात आधी आणलेली तशीच वस्तू किती वर्षं चालली हे विचारा आणि तोच आकडा घ्या. सौर पॅनेल असेल तर सावली बघा. आंब्या-माडाच्या सावलीत दुपारी बारापर्यंत असलेलं पॅनेल कागदावरची वीज देत नाही, आणि मग प्रत्येक युनिट महाग पडतं.

वाचनवर्गाचं उदाहरण: नाहीतरी किती झालं असतं?

समजा एका केंद्रातल्या सहा शाळांत तिसरी ते पाचवीची ९० मुलं परिच्छेद वाचू शकत नाहीत. गावातल्या बारावी झालेल्या सहा मुलींना घेऊन पाच महिने रोज दोन तास वाचनाचे गट चालवायचे आहेत. खर्च असा:

मानधन, ६ जणी, महिना ३,००० प्रमाणे: ९०,०००
प्रशिक्षण, चार दिवस, प्रवास व प्रशिक्षकासह: २१,२००
साहित्य, मुलामागे १२०: १०,८००
शिक्षक व केंद्रप्रमुखांचे ६० तास: २४,०००
आधीची व नंतरची चाचणी: ४,०००
एकूण: १,५०,००० रुपये

पाच महिन्यांनी ५४ मुलं परिच्छेद वाचू लागली. १,५०,००० भागिले ५४, म्हणजे मुलामागे २,७७८ रुपये असा अहवाल जाईल, आणि तो चुकीचा असेल. पाच महिन्यांत शाळा चालूच होती. काही मुलं वर्गाशिवायही वाचायला शिकली असती. ती किती, हे कळायला वर्ग नसलेल्या तशाच शाळांत त्याच आठवड्यांत तीच चाचणी घ्यावी लागते. समजा तिथे ९० पैकी १८ मुलं पुढे गेली. मग तुमच्या वर्गाचं श्रेय ५४ उणे १८, म्हणजे ३६ मुलं. खरा दर ४,१६७ रुपये. दुसऱ्या योजनेशी तुलना करताना हाच आकडा चालतो.

तुलनेच्या शाळा निवडताना उत्साही शिक्षकांच्या शाळा वर्गासाठी आणि उरलेल्या तुलनेसाठी असं करू नका. शक्य असेल तर बारा शाळांच्या चिठ्ठ्या टाका, सहा यंदा घ्या आणि सहा पुढच्या वर्षी. कोणावर अन्याय होत नाही, कारण सगळीकडे एकदम सुरू करायला माणसं तशीही नसतात.

चाचणीत काय बिघडतं तेही लिहून ठेवा. जी ताई शिकवते तिनेच तपासलं तर आकडे फुगतात, म्हणून तपासणीसाठी शाळांची अदलाबदल करा. आधीची चाचणी १५ जूनच्या सुमारास घेऊ नका. मेच्या सुट्टीत मुलं विसरलेली असतात, जुलैपर्यंत त्यातलं बरंच आपोआप परत येतं आणि ते तुमच्या वर्गाच्या खात्यावर जमा होतं. गणपतीच्या आठवड्यात किंवा शिमग्याला चाचणी ठेवली तर हजेरी अर्धी असते. शेवटच्या चाचणीला गैरहजर राहिलेली मुलं वगळू नका, त्यांच्या घरी जाऊन चाचणी घ्या, कारण जी मुलं मागे असतात तीच जास्त गैरहजर असतात. आई-वडिलांबरोबर मुंबईला गेलेल्या मुलांची नोंद वेगळी ठेवा.

अशा तुलनेचा सर्वात उपयोगी पुरावा आपल्याच राज्यातून आणि शेजारच्या गुजरातमधून आलेला आहे. प्रथम संस्थेने मुंबई आणि वडोदरा इथे चालवलेला बालसखी कार्यक्रम अभिजीत बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या शाळांत तपासला. तो अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मागे पडलेल्या मुलांना स्थानिक तरुणी दिवसातले दोन तास वेगळं बसवून शिकवायची. वडोदऱ्यात त्याच अभ्यासात चौथीच्या मुलांसाठी संगणकावर गणिताचे खेळही तपासले गेले. गणितातली वाढ संगणकाने जास्त दिली, पण मुलामागे वर्षाचा खर्च संगणकाचा सुमारे १५ डॉलर होता आणि बालसखीचा सव्वादोन डॉलर. खर्च सहापटीहून जास्त, वाढ मात्र दुपटीहून कमी. परिणाम मोठा असलेली योजना आणि पैशाला जास्त परिणाम देणारी योजना वेगवेगळ्या असू शकतात, याचं याहून स्पष्ट उदाहरण क्वचित मिळेल. त्याच अभ्यासात कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने दोन्हीकडची बरीच वाढ ओसरलेली दिसली. म्हणून चाचणी एकदा संपताना आणि एकदा वर्षाने घ्या. दुसरी चाचणी स्वस्त असते आणि तीच खरं सांगते.

कोकणातल्या दोन-शिक्षकी शाळांना या पद्धतीत एक सोय आहे. तिथे पहिली ते पाचवी तशीही एकत्र बसते. इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीनुसार गट करायला वेगळी खोली लागत नाही, नवा शिक्षक लागत नाही. रोज एक तास एवढाच खर्च.

परगावचा आकडा उचलताना मूळ अडचण तेवढीच आहे का ते पाहा. केनियातल्या बुसिया भागात ७५ शाळांत जंतनाशक गोळ्या दिल्यावर गैरहजेरी ठळकपणे घटल्याचं क्रेमर आणि एडवर्ड मिगेल यांनी दाखवलं. पण तिथे बहुसंख्य मुलांच्या पोटात जंत होते. जिथे जंतांचं प्रमाण कमी आहे तिथे तीच गोळी, तोच खर्च, आणि हजेरीतला फरक लहान. आपल्याकडे २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला गोळी शाळेतच मिळते, तेव्हा ती घ्यावीच. फक्त "तिकडे हजेरी एवढी वाढली" हा आकडा तसाच आराखड्यात घालू नये.

पाणी: टँकर, बंधारा की विहिरीचा गाळ?

हा भाग सविस्तर घेतला आहे, कारण इथे योग्य उत्तर वाडीगणिक बदलतं आणि पैसा सर्वात जास्त जातो. तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात एप्रिलमध्ये विहिरी आटतात, कारण जांभ्या दगडातून आणि उतारावरून पाणी भराभर निघून जातं.

वाडी ६० घरांची, माणसं २४०. जलजीवन मिशनचं प्रमाण माणशी रोज ५५ लिटर. म्हणजे दिवसाला १३,२०० लिटर. घाटीच्या अरुंद रस्त्यावर ५,००० लिटरचाच टँकर चढतो, म्हणजे रोज तीन फेऱ्या. टंचाई एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत ४५ दिवस धरली तर १३५ फेऱ्या. फेरीला १,५०० रुपये धरल्यास २,०२,५०० रुपये, म्हणजे पाणी असलेल्या दिवसामागे ४,५०० रुपये. पुढच्या वर्षी हाच खर्च पुन्हा.

दुसरा पर्याय, विहिरीच्या वरच्या अंगाला ओढ्यावर पोत्यांचा कच्चा बंधारा. ५०० रिकामी सिमेंटची पोती, ८ रुपयांप्रमाणे ४,०००. प्लास्टिकचा कागद ३,०००. चाळीस माणसांचं एक दिवसाचं श्रमदान ४०० प्रमाणे १६,०००. चहा-जेवण २,०००. एकूण २५,०००. तो एकच हंगाम टिकतो, म्हणून पूर्ण रक्कम एका वर्षावर.

त्याने विहीर किती दिवस जास्त टिकली? गेल्या वर्षी ती १५ एप्रिलला आटली, यंदा २ मेला, म्हणजे १७ दिवस असं म्हणायचा मोह होतो. पण यंदा परतीचा पाऊस लांबला असेल. म्हणून बंधारा नसलेल्या शेजारच्या वाडीतली, साधारण तेवढ्याच खोलीची विहीर पाहा. ती गेल्या वर्षी २० एप्रिलला आणि यंदा २२ एप्रिलला आटली. पावसाचे दोन दिवस वजा केले की बंधाऱ्याचे १५ दिवस उरतात. २५,००० भागिले १५, म्हणजे दिवसाला सुमारे १,६७० रुपये.

तिसरा पर्याय, विहिरीतला गाळ काढून कठडा आणि आतली बांधणी दुरुस्त करणं. खर्च १,८०,०००, टिकण्याची मुदत ५ वर्षं. ४.१० ने भागल्यास ४३,९००, त्यात पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर आणि किरकोळ देखभालीचे ३,००० मिळवून वर्षाला सुमारे ४६,९००. त्याने २० दिवस मिळाले तर दिवसामागे २,३४५ रुपये.

आता पुष्कळ आराखड्यांत होणारी चूक पाहा. बंधाऱ्याचे १५ आणि गाळ काढण्याचे २० मिळून ३५ दिवस, असं लिहिलं जातं. दोन्ही उपाय एकाच भूजलातून पाणी घेतात, त्यामुळे बेरीज सरळ होत नाही. दोन्ही मिळून २७ दिवस मिळतात असं धरू. बंधारा सर्वात स्वस्त म्हणून तो आधी घेतला. त्यावर गाळ काढल्याने जास्तीचे दिवस फक्त १२, आणि त्यांची किंमत ४६,९०० भागिले १२, म्हणजे दिवसाला ३,९०८ रुपये. टँकरच्या ४,५०० पेक्षा अजूनही कमी, म्हणून करावं. पण फरक निसटता आहे. जास्तीचे दिवस साडेदहाच्या खाली गेले तर टँकरच स्वस्त पडतो. म्हणून एवढा पैसा घालण्याआधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून विहिरीची पाहणी करून घ्या. उरलेल्या १८ दिवसांना टँकर लागेलच, ते लपवू नका.

बंधाऱ्याचा खर्च फुकट जातो तो ठरावीक कारणांनी. ओढा वाहता असतानाच, नोव्हेंबर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत तो बांधावा लागतो. जानेवारीत बांधला तर अडवायला पाणी राहिलेलं नसतं. पोती दोन-तृतीयांशच भरा आणि सुतळीने शिवा. गच्च भरलेलं पोतं गोल राहतं, बसत नाही, आणि फटीतून पाणी जातं. विटांसारखे सांधे मोडत थर लावा, पाण्याच्या बाजूने प्लास्टिक कागद पसरून त्याची खालची कडा तळात पुरा. जास्तीचं पाणी जायला सांडवा ठेवा. जागा विहिरीच्या वर आणि जवळ हवी. जांभ्यात मुरलेलं पाणी दुसऱ्या उतारावर झरा होऊन निघू शकतं, तेव्हा बंधारा दिसायला भरलेला आणि विहीर कोरडी अशी गत होते. पाऊस सुरू होण्याआधी पोती काढून घ्या, नाहीतर ती खाडीत जातात. त्या मजुरीचा अर्धा दिवसही खर्चात लिहा.

विहिरीची पातळी मोजायला यंत्र लागत नाही. दर हातावर गाठ मारलेली दोरी आणि दगड, दर रविवारी सकाळी, पाणी भरायला सुरुवात होण्याआधी. आकडा अंगणवाडीच्या भिंतीवरच्या तक्त्यावर लिहा, म्हणजे सगळी वाडी तो पाहते.

काजू कारखान्यातलं प्रशिक्षण

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण तपासण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: आवडलं का, शिकले का, कामात वापरतात का, उत्पादनात फरक पडला का. बहुतेक ठिकाणी पहिल्या पायरीचा फॉर्म भरून काम संपतं. मालकाचे पैसे चौथ्या पायरीवर परत येतात, म्हणून मोजणी तिथे करा.

वीस बायकांना काजू बी फोडण्याचं दोन अर्ध्या दिवसांचं प्रशिक्षण: प्रशिक्षक ६,०००, त्या वेळेची मजुरी ८,०००, थांबलेल्या उत्पादनातला नफा ३,०००, शिकताना फुटलेला माल २,०००, चहा-प्रवास १,०००. एकूण २०,०००. कारखाना रोज १०० किलो गर काढतो आणि अख्ख्या गराचं प्रमाण ८० वरून ८४ टक्क्यांवर गेलं. अख्खा गर आणि तुकडा यांच्या भावात किलोला १५० रुपये फरक धरला तर रोज ६०० रुपये जास्त. ३४ दिवसांत खर्च वसूल. गणपतीनंतर निम्म्या जणी कामावर आल्या नाहीत तर तोच काळ दुप्पट होतो. म्हणून प्रशिक्षण हंगामाच्या सुरुवातीला द्या, आणि त्यातल्या दोघी-तिघींना नव्या बायकांना शिकवायची जबाबदारी व थोडा भत्ता द्या.

त्याआधी एक तपासणी मात्र सोडू नका. गर फुटण्याचं कारण हात आहे की वाफ? बी वाफवल्यावर पुरेशी थंड न करता फोडायला घेतली, किंवा बी नीट सुकलेली नसली, तर कितीही कसबी हात असला तरी पाकळ्या आणि तुकडे वाढतात. तेव्हा प्रशिक्षणाचे २०,००० वाया जातात आणि बायकांच्या माथी विनाकारण दोष येतो. सर्वात चांगल्या बाईला आणि सर्वात नवख्या बाईला एकाच घाण्यातली बी द्या. दोघींचं फुटण्याचं प्रमाण जवळपास सारखं आलं तर दुरुस्ती बॉयलरकडे करायची आहे. फरक मोठा असेल तर प्रशिक्षण उपयोगी आहे.

परिणाम मोजताना मार्चच्या ताज्या बीची ऑगस्टच्या साठवलेल्या बीशी तुलना नको. अर्ध्या टेबलांना आधी शिकवा, अर्ध्यांना तीन आठवड्यांनी. त्या तीन आठवड्यांत दोन्हीकडे एकाच पोत्यातला माल द्या.

दाखल्यांचं शिबिर: कोणाच्या हिशोबाने स्वस्त?

ग्रामपंचायतीत महिन्यातून एकदा दाखल्यांचं शिबिर घेतलं तर तिला वीज, इंटरनेट आणि ऑपरेटरचे मिळून ३,५०० रुपये पडतात. तिच्या वहीत तो निव्वळ खर्च आहे. पण चाळीस माणसांची तालुक्याची एक फेरी वाचली, प्रत्येकी ४०० मजुरी आणि १२० एसटीचे, तर लोकांचे २०,८०० रुपये वाचले. म्हणून सार्वजनिक सेवेचा हिशोब नेहमी दोनदा मांडा, एकदा कार्यालयाच्या बाजूने आणि एकदा लोकांच्या बाजूने. शिबिरात अर्ज घेऊन दाखल्यासाठी पुन्हा तालुक्याला पाठवलं तर ही बचत शून्य होते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नुसार अधिसूचित सेवेला ठरलेली मुदत असते. ती तारीख पावतीवर लिहून द्या आणि दाखला पुढच्या शिबिरात हातात द्या.

कमी पटाची शाळा

आठ मुलं, दोन शिक्षक. वर्षाच्या पगाराला आठने भागलं की मुलामागचा खर्च डोळे पांढरे करणारा येतो, आणि त्यावरून शाळा बंद करण्याचा प्रस्ताव निघतो. हा भागाकार निर्णयाला उपयोगाचा नाही. प्रश्न असा हवा की शाळा बंद केली तर कोणता खर्च खरोखर थांबेल आणि कोणता नव्याने सुरू होईल.

शिक्षकांचा पगार थांबत नाही, ते दुसऱ्या शाळेत जातात. तिथे रिकामं पद भरलं जात असेल तर तेवढा फायदा प्रामाणिकपणे धरा. तिथे आधीच पुरेसे शिक्षक असतील तर तो शून्य. खरोखर वाचतात ते वीजबिल आणि डागडुजीचे, समजा वर्षाला १५,०००. नव्याने येते ती गाडी, महिना १२,००० प्रमाणे दहा महिन्यांचे १,२०,०००. गाडी नसेल तर पहाटेची पायपीट, आणि जुलैत ओढ्याला पाणी आलं की बुडणारे दिवस. शिक्षण हक्क कायद्याखाली पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत अपेक्षित आहे. कोकणात हे अंतर पायवाटेने मोजा, नकाशावरच्या सरळ रेषेने मोजू नका. डोंगराच्या दोन बाजूंच्या वाड्या नकाशावर शेजारी असतात. लहान मुलांच्या हजेरीशी थेट जोडलेला हा निर्णय चुकीच्या भागाकारावर होऊ नये, एवढ्यासाठी तरी शाळा व्यवस्थापन समितीने ही दोन रकान्यांची वही तयार ठेवावी.

याउलट, बंद न करता खर्च विभागता येतो. शेजारच्या तीन शाळांनी विज्ञानपेटी, मोठी पुस्तकपेटी आणि प्रोजेक्टर आळीपाळीने वापरला तर त्याचा वार्षिक भार एक-तृतीयांश होतो. फिरवण्यासाठी एक माणूस आणि ठरलेला वार लागतो, नाहीतर पेटी पहिल्याच शाळेत राहते.

एक पान

हे सगळं ग्रामसभेत मांडायचं तर एका पानात बसवा: प्रश्न एका ओळीत, एकक, दोन किंवा तीन पर्याय, प्रत्येकाचा वार्षिक खर्च आणि तो कोणाच्या खिशातून, नाहीतरी जे झालं असतं ते वजा करून उरलेला परिणाम, आणि दर एककाची किंमत. खाली दोन ओळी: कोणता अंदाज चुकला तर उत्तर उलटेल, आणि कितीपर्यंत चुकला तर. वरच्या उदाहरणात ती ओळ "गाळ काढून साडेदहा दिवसांपेक्षा कमी मिळाले तर टँकर स्वस्त" अशी असेल. ही ओळ असलेल्या पानावर चर्चा माणसांवरून सरकते आणि आकड्यांवर येते.

पाण्याचं पान २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपुढे गेलंच पाहिजे. नोव्हेंबरमध्ये बंधारा बांधायचा तर पोती आणि श्रमदानाचा दिवस तिथेच ठरवावा लागतो. २६ जानेवारीची सभा त्यासाठी उशिराची आहे. शाळेचं पान जूनच्या आधी, कारण तुलनेच्या शाळा आणि पहिली चाचणी वर्गासोबतच ठरते. मेअखेरीस त्याच पानाच्या मागच्या बाजूला विहीर आटल्याची तारीख, टँकरच्या प्रत्यक्ष फेऱ्या आणि शेजारच्या वाडीची तारीख लिहा, आणि पुढच्या आराखड्याला तेच पान जोडा.